छोटी विमाने धावपट्टीबाहेर का जातात?

एखादे छोटे खासगी विमान धावपट्टी ओलांडून पलीकडच्या कुंपणात किंवा शेतात जाऊन थांबले, की बातमीत साधारणतः तीन कारणे येतात. धावपट्टी ओली होती, ब्रेक लागले नाहीत किंवा धावपट्टी आखूड होती. ही कारणे खोटी असतात असे नाही. मात्र अशा अपघातांचे चौकशी अहवाल सविस्तर वाचले, तर अनेकदा निराळेच चित्र समोर येते. मूळ चूक धावपट्टीच्या टोकाला नव्हे, तर चाके जमिनीला टेकण्यापूर्वी मिनिटभर आधी, काहीशे फूट उंचीवर झालेली असते. विमान ठरलेल्या वेगापेक्षा अधिक वेगात किंवा ठरलेल्या मार्गापेक्षा अधिक उंचावर असते. वैमानिकाला ते दिसतही असते. तरीही तो उतरण्याचाच प्रयत्न पुढे रेटतो.

विमानशास्त्राच्या परिभाषेत याला 'अस्थिर अवतरण' म्हणतात. त्यावरचा उपाय सर्वांना ठाऊक आहे. इंजिनाला पूर्ण शक्ती देऊन विमान पुन्हा वर न्यायचे, एक फेरी मारायची आणि नव्याने उतरायचे. वैमानिक यास 'गो-अराउंड' म्हणतात. उपाय इतका सोपा असताना तो वेळेवर का योजला जात नाही, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय.

एलिझाबेथटनचा अपघात

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील एलिझाबेथटन येथे १५ ऑगस्ट २०१९ रोजी झालेला अपघात या प्रश्नाचे जणू पाठ्यपुस्तकातील उदाहरण आहे. प्रसिद्ध मोटार शर्यतपटू डेल अर्नहार्ट ज्युनियर हे पत्नी व तान्ह्या मुलीसह 'सेसना सायटेशन लॅटिट्यूड' या छोट्या जेट विमानातून नॉर्थ कॅरोलिना राज्यातील स्टेट्सव्हिल येथून तेथे निघाले होते. प्रवास अगदी थोड्या अंतराचा होता. हवा चांगली होती, दिवसाउजेडी धावपट्टी स्वच्छ दिसत होती आणि विमानात कोणताही बिघाड नव्हता. दोन वैमानिक विमान चालवीत होते.

डोंगरांनी वेढलेल्या या विमानतळाची धावपट्टी सुमारे पाच हजार फूट लांबीची आहे. विमान तिच्याकडे येत असताना त्याचा वेग अपेक्षेपेक्षा अधिक होता आणि वैमानिकांना त्याची जाणीव होती. त्या वजनाच्या विमानासाठी उतरण्याचा संदर्भ वेग १०८ नॉट होता. प्रत्यक्षात विमान त्याहून सुमारे १८ नॉट अधिक वेगाने धावपट्टीवर आले. चाके टेकली आणि विमान चेंडूसारखे उसळले. पुन्हा टेकले, पुन्हा उसळले. तिसऱ्यांदा ते खाली आले तेव्हा पुढे केवळ एक हजार फुटांच्या आसपास पट्टी शिल्लक होती. उजवीकडची चाके मोडली, विमान धावपट्टीच्या टोकावरून पलीकडे गेले आणि चर व तारेचे कुंपण पार करून महामार्गाच्या कडेला थांबले. नंतर विमानाने पेट घेतला. मात्र सारे बाहेर पडले आणि कोणाचाही जीव गेला नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताचे कारण निःसंदिग्ध शब्दांत नोंदविले. अवतरण अस्थिर असल्याच्या खुणा ओळखूनही वैमानिकाने ते चालू ठेवले आणि चाके टेकण्यापूर्वी गो-अराउंडचा निर्णय घेतला नाही, हे ते कारण. पहिल्यांदा चाके टेकताच पंखांवरील स्पीडब्रेक उघडले गेले नाहीत आणि इंजिनाचा झोत उलट्या दिशेने वळविणारे थ्रस्ट रिव्हर्सर उघडल्यानंतर पुन्हा उड्डाण करण्याचा प्रयत्न झाला, या दोन गोष्टींनी त्यात भर घातली. म्हणजेच वर जाण्याचा निर्णय झाला. पण तो अशा क्षणी झाला, की तेव्हा वर जाणे शक्य राहिले नव्हते.

स्थिर अवतरण म्हणजे काय?

विमान योग्य रीतीने उतरत आहे की नाही, हे वैमानिकाच्या मर्जीवर सोडून चालत नाही, हे विमान वाहतूक क्षेत्राने अनुभवातून ओळखले. त्यासाठी 'फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन' या आंतरराष्ट्रीय संस्थेने काही कसोट्या मांडल्या आणि जगभरातील विमान कंपन्यांनी त्या थोड्याफार फरकाने स्वीकारल्या. ढगाळ हवामानात जमिनीपासून एक हजार फूट उंचीवर आणि स्वच्छ हवामानात पाचशे फूट उंचीवर या कसोट्या पूर्ण झाल्याच पाहिजेत, असे त्यांत अभिप्रेत आहे. त्या थोडक्यात अशा:

- विमान धावपट्टीच्या दिशेने नेमक्या मार्गावर असावे व तो राखण्यासाठी केवळ किरकोळ फेरफार करावे लागावेत.
- वेग संदर्भ वेगापेक्षा कमी नसावा आणि त्याहून २० नॉटपेक्षा अधिक नसावा.
- खाली येण्याचा दर मिनिटाला एक हजार फुटांपेक्षा अधिक नसावा.
- चाके खाली आलेली व फ्लॅप उतरण्याच्या स्थितीत असावेत.
- इंजिनाची शक्ती त्या स्थितीला साजेशी असावी.
- तपासणी यादीतील सर्व बाबी पूर्ण झालेल्या असाव्यात.

यांपैकी एकही अट पूर्ण होत नसेल, तर फेरी मारावी, असा दंडक आहे. या मर्यादा मोठ्या जेट विमानांचा विचार करून ठरविलेल्या आहेत, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. साठ-पासष्ट नॉट वेगाने उतरणाऱ्या चार आसनी विमानाला २० नॉटची सूट म्हणजे एक तृतीयांश वेग अधिक. लहान विमानाच्या वैमानिकाला म्हणूनच आपली मर्यादा याहून पुष्कळ कडक ठेवावी लागते.

वेगाचे निष्ठुर गणित

थोडासा वेग जास्त झाला तर बिघडले काय, असे सामान्य वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. वेग जास्त असणे कमी असण्यापेक्षा बरे, असे अनेक वैमानिकांनाही वाटते. वेग फार कमी झाला तर पंखांची उचल संपून विमान कोसळू शकते. त्यामुळे 'सुरक्षिततेसाठी' पाच नॉट अधिक, वारा आहे म्हणून आणखी पाच, असे करत वेग वाढत जातो.

मात्र विमान थांबविताना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढला तर ऊर्जा २१ टक्के वाढते. एलिझाबेथटन येथे १०८ ऐवजी १२६ नॉट वेग म्हणजे सुमारे १७ टक्के वाढ. ऊर्जा मात्र ३६ टक्क्यांनी वाढली.

जगभरच्या प्रशिक्षण संस्थांत वापरल्या जाणाऱ्या 'सेसना १७२' या विमानाचे उदाहरण घेऊ. या विमानाच्या 'एस' प्रकारच्या पुस्तिकेनुसार समुद्रसपाटीवर, वारा नसताना, कोरड्या पक्क्या धावपट्टीवर ५० फूट उंचीपासून पूर्ण थांबेपर्यंत १,३३५ फूट अंतर लागते. त्यांपैकी जमिनीवरची धाव केवळ ५७५ फूट असते. उरलेले ७६० फूट, म्हणजे निम्म्याहून अधिक अंतर, हवेतच सरते. ब्रेकचा संबंध येतो तो त्यानंतर. हे आकडे ६१ नॉट वेग काटेकोरपणे राखला, तरच खरे ठरतात.

वेग अधिक असेल तर विमान जमिनीजवळ येऊनही खाली बसत नाही. जमिनीलगत पंखांना हवेचा विरोध कमी होतो आणि विमान उशीवर असल्यासारखे तरंगत राहते. ७० नॉट वेगाने जाणारे विमान सेकंदाला ३६ मीटर अंतर कापते. दहा सेकंद तरंगले तर ३६० मीटर धावपट्टी चाके न टेकताच मागे पडते. अशा वेळी अधीर झालेला वैमानिक विमान बळेच खाली दाबतो. मग ते उसळते किंवा पुढच्या चाकावर आदळते. चाके टेकली तरी पंखांत उचल शिल्लक असल्याने चाकांवर पुरेसे वजन पडत नाही आणि ब्रेक दाबूनही हवा तसा परिणाम साधत नाही. 'ब्रेक लागले नाहीत' या वाक्यामागचे सत्य अनेकदा हेच असते.

उंची, वारा आणि पाऊस

जी गोष्ट वेगाची, तीच उंचीची. नेहमीच्या तीन अंशांच्या उताराने येणारे विमान धावपट्टीच्या सुरुवातीस अपेक्षेपेक्षा दहा फूट उंचावर असले, तर ते सुमारे दोनशे फूट पुढे टेकते.

पाठीमागून येणारा वारा याहून घातक होय. सेसनाच्या त्याच पुस्तिकेत पाठीमागच्या वाऱ्याच्या प्रत्येक दोन नॉटमागे अंतरात १० टक्के वाढ धरण्यास सांगितले आहे. म्हणजे दहा नॉट वारा पाठीशी असेल तर १,३३५ फुटांचे दोन हजार फूट होतात. समोरून वारा असेल तर मात्र दहा टक्के घट मिळविण्यासाठी नऊ नॉट वारा लागतो. कोरड्या गवताच्या पट्टीवर जमिनीवरील धाव ४५ टक्क्यांनी वाढते.

दख्खनच्या पठारावरील धावपट्ट्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची. समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंचीवर, उन्हाळ्यात ४० अंश तापमानात हवा इतकी विरळ होते, की वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा दिसत असला तरी विमानाचा प्रत्यक्ष वेग सुमारे आठ टक्क्यांनी अधिक असतो. काटा बरोबर दाखवितो, पण जमीन अधिक वेगाने धावते.

पावसाळ्यात चाक आणि पट्टी यांच्यामध्ये पाण्याचा थर येऊन चाक अक्षरशः तरंगू लागते. कोणत्या वेगाला असे घडू शकते याचे सूत्र 'नासा'च्या संशोधकांनी दिले आहे. टायरमधील हवेच्या दाबाचे वर्गमूळ काढून त्यास नऊने गुणायचे. दाब प्रति चौरस इंच ३६ पौंड असेल तर हा वेग ५४ नॉट येतो. छोटी विमाने साधारणतः याच वेगाच्या आसपास जमिनीला टेकतात. दहा नॉट अधिक वेगाने टेकलेले विमान मग ब्रेकला दाद देत नाही.

यांपैकी प्रत्येक गोष्ट एकटी आली तर बहुधा निभावून जाते. अडचण अशी, की अस्थिर अवतरणात त्या एकत्र येतात. उंच राहिलेले विमान खाली आणण्यासाठी नाक खाली करावे लागते, त्यामुळे वेग वाढतो, वाढलेल्या वेगामुळे विमान तरंगते आणि धावपट्टी संपत जाते.

मंगळूर आणि कोझिकोड

हा धडा भारताने मोठी किंमत देऊन शिकला आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोईंग ७३७ विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ जण मृत्युमुखी पडले. केवळ आठ जण वाचले. हे काही छोटे खासगी विमान नव्हते, तरीही घटनाक्रम तोच होता. विमान फार उंचावरून आले, सहवैमानिकाने गो-अराउंड करण्यास सांगितले, मुख्य वैमानिकाने उतरणे चालू ठेवले. सुमारे आठ हजार फूट लांबीच्या धावपट्टीवर विमान ५,२०० फूट अंतर सोडून टेकले. थ्रस्ट रिव्हर्सर वापरल्यानंतर पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न झाला आणि तो फसला. टेकताच पूर्ण ताकदीनिशी ब्रेक लावले असते तर विमान पक्क्या धावपट्टीवरच थांबू शकले असते, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोझिकोड येथे त्याच कंपनीचे विमान भर पावसात, पाठीमागचा वारा असताना, धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले. २१ जणांचे प्राण गेले. अस्थिर अवतरण चालू ठेवणे आणि सहवैमानिकाच्या 'गो-अराउंड' या सूचनेकडे दुर्लक्ष होणे, हे तेथेही संभाव्य कारणांत नोंदविले गेले.

मंगळूर आणि एलिझाबेथटन यांत विमानाचा आकार, देश, हवामान सारेच वेगळे. साम्य एकच. वर जाण्याचा निर्णय हवेत व्हायला हवा होता, तो जमिनीवर झाला. रिव्हर्सर उघडले, की वर जाण्याचा रस्ता बंद झाला असे समजावे. त्यानंतर केवळ थांबण्याचाच प्रयत्न करायचा, हा नियम म्हणूनच जेट वैमानिकांना शिकविला जातो.

खासगी विमानात थांबा म्हणणारा कोण?

विमान कंपन्यांच्या उड्डाणांत निदान दोन वैमानिक असतात. वेग, उंची, उतरण्याचा दर यांची नोंद यंत्रात होते आणि मर्यादा ओलांडली तर वैमानिकाला जाब द्यावा लागतो. एवढे असूनही फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धक्कादायक वास्तव समोर आले. अस्थिर ठरलेल्या अवतरणांपैकी सुमारे ९७ टक्के वेळा वैमानिक गो-अराउंड न करता उतरतात.

यामागचे कारण मानवी स्वभावात आहे. अशी बहुतेक अवतरणे अपघाताविना पार पडतात. वैमानिक उतरतो, घाम पुसतो आणि 'जमले' असे मनाशी म्हणतो. प्रत्येक वेळी निभावल्याने नियमाचा धाक कमी होतो आणि पुढची मर्यादा थोडी सैल होते. शिवाय धावपट्टी समोर दिसत असताना तिच्यापासून दूर जाणे मनाला पटत नाही. त्यात फेरी मारणे म्हणजे आपल्या कौशल्यातील उणीव, ही समजूत भर घालते.

छोट्या खासगी विमानात तर वैमानिक पुष्कळदा एकटाच असतो. शेजारच्या आसनावर मित्र किंवा कुटुंबीय असतात. बहुतांश छोट्या विमानांत नोंद ठेवणारे यंत्र नसते. भाड्याच्या अथवा मालकीच्या जेटमध्ये दोन वैमानिक असले तरी मागे बसलेल्या व्यक्तीला कार्यक्रम गाठायचा असतो. निवडणुकीच्या हंगामात एका दिवसात चार-पाच ठिकाणी उतरणारी विमाने आपल्या परिचयाची आहेत. पुढच्या सभेची वेळ टळू नये, ही अपेक्षा कोणी बोलून दाखविली नाही तरी वैमानिकापर्यंत पोहोचते.

म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक एकट्या वैमानिकाला निर्णय आधीच घेऊन ठेवण्यास सांगतात. ५०० फुटांवर विमान स्थिर नसेल तर फेरी. धावपट्टीच्या पहिल्या तिसऱ्या भागात चाके टेकली नाहीत तर फेरी. विमान जोरात उसळले तर फेरी. हे निर्णय जमिनीवर, शांत मनाने घेतलेले असले, की हवेत केवळ त्यांचे पालन उरते. तेथे वाद घालण्यास वेळ नसतो.

फेरी मारण्याचाही सराव हवा

गो-अराउंड हा सोपा उपाय असला तरी निर्धोक नाही. उतरण्याच्या तयारीत असलेल्या विमानाला एकदम पूर्ण शक्ती दिली, की त्याचे नाक जोराने वर उठते आणि एकाच इंजिनाचे विमान डावीकडे ओढ घेते. वैमानिकाने नाक आवरले नाही तर वेग घटून विमान कमी उंचीवरच कोसळू शकते. सर्व फ्लॅप एकदम वर घेतले तर उचल नाहीशी होते. क्रम असा आहे: आधी पूर्ण शक्ती, मग नाक नियंत्रणात, मग फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर आणि वेग स्थिरावल्यावर चढाई. परवाना मिळाल्यानंतर वर्षानुवर्षे ज्याने ही कृती केलेली नाही, त्याला ती ऐनवेळी जमेल याची शाश्वती नाही. आणि जी कृती जमेल की नाही याची खात्री नाही, ती माणूस टाळतो. अस्थिर अवतरण रेटण्यामागे हेही एक न बोललेले कारण असते.

शेवटचा आधार

सारे चुकल्यावर जीव वाचविण्याची काही व्यवस्था धावपट्टीच्या पलीकडे करता येते. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार धावपट्टीच्या टोकाला मोकळे सुरक्षा क्षेत्र राखले जाते. जेथे जागा अपुरी आहे तेथे अमेरिकेतील अनेक विमानतळांवर ठिसूळ पदार्थाच्या ठोकळ्यांचा थर बसविला आहे. विमानाची चाके त्यात रुततात आणि विमान थांबते. १३ ऑक्टोबर २००६ रोजी कॅलिफोर्नियातील बरबँक येथे बेसबॉलपटू ॲलेक्स रॉड्रिग्ज यांना घेऊन आलेले गल्फस्ट्रीम जेट धावपट्टी ओलांडून अशाच थरात रुतले आणि सारे सुखरूप बाहेर आले. मात्र लहान गावांतील धावपट्ट्यांच्या टोकाला असा थर बहुधा नसतो. तेथे नाला, रस्ता किंवा वस्ती असू शकते.

त्यामुळे खरा आधार हवेतच शोधावा लागतो, आणि त्यात प्रवाशाचाही वाटा आहे. उतरता उतरता विमान अचानक वर उचलले जाते, तेव्हा पोटात गोळा येतो, काही चुकले असावे असे वाटते आणि दहा मिनिटे वाया गेल्याची चरफड होते. वस्तुतः त्या क्षणी वैमानिकाने त्याचे काम चोख केलेले असते. विमान भाड्याने घेणाऱ्याने किंवा मालकाने खाली उतरल्यावर त्याला उशिराचा जाब विचारला, तर पुढच्या वेळी तो फेरी मारण्यापूर्वी दोनदा विचार करील. तेवढा वेळ त्याच्यापाशी नसतो.